संगणकीय खेळ

संगणकावर किंवा संगणकाच्या तत्त्वावर चालणाऱ्या खास यंत्रावर खेळावयाचा खेळ. कळफलक, दांडा, बटणे किंवा स्पर्शपटल यांच्याद्वारे खेळाडूने दिलेली आज्ञा यंत्र घेते, खेळाच्या नियमांनुसार तिचा परिणाम काढते आणि तो पडद्यावरील चित्र व ध्वनी यांच्या रूपाने तत्काळ दाखविते, अशी या खेळाची सर्वसाधारण रचना असते. पत्ते, सोंगट्या किंवा बुद्धिबळ या खेळांत नियम पाळण्याची जबाबदारी खेळणाऱ्यांवर असते. संगणकीय खेळात नियम आज्ञावलीतच अंतर्भूत असतात व यंत्र ते स्वतः अंमलात आणते. पारंपरिक खेळांपासून त्याचा हा मूलभूत भेद होय. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या प्रकाराला आरंभी ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. पुढे ही संज्ञा सर्वच प्रकारांना रूढ झाली.

करमणुकीचे साधन म्हणून हे खेळ सर्वपरिचित आहेत. संगणकविद्येच्या वाढीतील त्यांचा वाटा मात्र तितकासा ज्ञात नाही. अल्प स्मृतीत मोठे काम बसविणे, चित्र वेगाने रेखाटणे, मानव आणि यंत्र यांच्यातील व्यवहार सुलभ करणे, या गोष्टींची कसोटी अनेकदा प्रथम खेळांत लागली. याउलट, खेळ रचणाऱ्यांचे श्रेय व त्यांच्या कृतींचे जतन या दोन्ही बाबतींत दीर्घकाळ उपेक्षाच झाली.

इतिहास : संगणक जेव्हा एक मोठी खोली व्यापीत होते, त्या काळातच त्यांच्यावर खेळ रचले गेले. केंब्रिज विद्यापीठातील ए. एस. डग्लस यांनी १९५२ साली मानव-यंत्र व्यवहारावरील आपल्या प्रबंधासाठी एड्‌सॅक या संगणकावर फुली-गोळ्याचा खेळ बसविला. खेळाडू आपली खेळी दूरध्वनीच्या तबकडीने कळवीत असे आणि पट ऋण किरण नलिकेवर ठिपक्यांनी उमटत असे. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम (१९१०–९४) यांनी १९५८ साली प्रयोगशाळा पाहण्यास येणाऱ्या लोकांसाठी सदृश संगणक व दोलनदर्शक यांच्या साहाय्याने टेनिसचा खेळ तयार केला. या दोन्ही कृती त्या त्या यंत्रापुरत्याच राहिल्या.

एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत पसरलेला पहिला महत्त्वाचा खेळ म्हणजे ‘स्पेसवॉर’. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांचे सहकारी यांनी तो १९६२ साली पीडीपी-१ या संगणकावर सिद्ध केला. एका ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणात फिरणारी दोन अवकाशयाने एकमेकांवर मारा करतात, असे त्याचे स्वरूप होते. तो विकला गेला नाही. त्याच्या प्रती मुक्तपणे वाटल्या गेल्या व ज्याने त्याने त्यात भर घातली. पीटर सॅमसन यांनी पार्श्वभूमीला खऱ्या आकाशातील तारे त्यांच्या तेजस्वितेनुसार दाखविणारा भाग जोडला. संगणकाचे सर्व घटक या खेळात एकाच वेळी कामास लागत असल्याने यंत्राची चाचणी घेण्यासही तो उपयोगी पडे.

खेळाने मूळ संगणकविद्येस दिलेल्या देणगीचे ठळक उदाहरण १९६९ सालचे आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन यांनी सूर्यमालेत यान हाकण्याचा ‘स्पेस ट्रॅव्हल’ हा खेळ लिहिला होता. मोठ्या संगणकावर तो एकदा खेळण्यास लागणाऱ्या यंत्रवेळेची किंमत सुमारे ७५ डॉलर होई. म्हणून फारशा वापरात नसलेल्या पीडीपी-७ या छोट्या संगणकावर तो नेण्याचे काम टॉम्पसन यांनी डेनिस रिची यांच्या मदतीने केले. त्या खटाटोपात यंत्राची जी जवळीक साधली गेली, तिच्यातूनच त्याच यंत्रावर युनिक्स ही कार्यकारी प्रणाली उभी राहिली. पुढील काळातील अनेक प्रमुख प्रणालींची रचना युनिक्सच्या धर्तीवर झालेली आहे.

व्यापारी प्रसार : राल्फ बेअर (१९२२–२०१४) यांच्या संशोधनावर आधारलेला ‘ओडिसी’ हा पहिला गृहसंच मॅग्नाव्हॉक्स कंपनीने १९७२ साली विक्रीस आणला. त्याला रंगीत पार्श्वभूमी निर्माण करता येत नसे. म्हणून दूरचित्रवाणीच्या काचेवर चित्रित पारदर्शक पत्रे चिकटवावे लागत. त्याच वर्षी नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनी अटारी ही कंपनी स्थापन केली आणि ॲलन ॲल्कॉर्न यांनी तिच्यासाठी ‘पाँग’ हा नाण्यावर चालणारा खेळ रचला. पाँगमध्ये प्रक्रियक नव्हता व आज्ञावलीही नव्हती. सर्व नियम तारा व तर्कमंडले यांच्या जोडणीतच बांधलेले होते. नवा खेळ हवा असल्यास नवे मंडल बनवावे लागे.

सूक्ष्म प्रक्रियकाच्या आगमनाने ही अडचण दूर झाली व यंत्र तेच ठेवून केवळ आज्ञावली बदलणे शक्य झाले. १९७७ साली आलेल्या अटारीच्या गृहसंचात बदलता येणारी खेळपेटी बसविता येई. जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) आणि तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’ (१९८०) हे खेळ जगभर गेले. मात्र निकृष्ट खेळांचा पूर, अनेक कंपन्यांची एकाच वेळी झालेली गर्दी आणि स्वस्त घरगुती संगणकांची स्पर्धा यांमुळे १९८३ साली अमेरिकेतील बाजार कोसळला. सुमारे पाच आठवड्यांत घाईने उरकलेला ‘ई. टी.’ (१९८२) हा खेळ त्या पडझडीचे प्रतीक ठरला. न खपलेल्या खेळपेट्या न्यू मेक्सिको राज्यातील ॲलामोगोर्डो येथे पुरल्याची आख्यायिका २०१४ सालच्या उत्खननाने खरी ठरली. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८५ पासून अमेरिकेतील बाजार पुन्हा उभा केला.

कार्यपद्धती : खेळाच्या आज्ञावलीचा गाभा म्हणजे एक अखंड आवर्तन होय. त्यात तीन कामे क्रमाने होतात : खेळाडूची आज्ञा वाचणे, त्यानुसार खेळातील प्रत्येक वस्तूची नवी स्थिती काढणे व नवे चित्र रेखाटणे. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची असल्यास ही तिन्ही कामे सुमारे १६·७ मिलिसेकंदांत पुरी व्हावी लागतात. पगारपत्रक तयार करणाऱ्या आज्ञावलीला काही सेकंद उशीर झाला, तर फारसे बिघडत नाही. खेळात मात्र असा उशीर हाच दोष ठरतो. त्यामुळे वेळेचा व स्मृतीचा काटेकोर हिशेब हा या शाखेचा विशेष बनला आहे.

अटारीच्या उपर्युक्त गृहसंचात कामचलाऊ स्मृती केवळ १२८ बाइट होती. पडद्यावरील संपूर्ण चित्र साठविण्यास ती पुरत नसे. म्हणून दूरचित्रवाणीचा इलेक्ट्रॉन किरण पडद्यावर एकेक ओळ रेखाटीत असता पुढील ओळीची माहिती त्याच्यापुढे धावत पुरविणे आज्ञावलीकाराला भाग पडे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा खेळ सुमारे ४० किलोबाइटमध्ये सामावला आहे. त्यातील ढग व झुडपे यांची आकृती एकच असून केवळ रंग निराळा आहे.

साध्या नियमांतून गुंतागुंतीचे वर्तन कसे निर्माण होते, याचे पॅक-मॅन हे उत्तम उदाहरण आहे. त्यातील चार भुतांपैकी तांबडे भूत खेळाडूच्या घराकडे सरळ चाल करते. गुलाबी भूत त्याच्या पुढील चौथ्या घराचा रोख धरते. नारिंगी भूत दूर असताना पाठलाग करते, परंतु आठ घरांच्या आत येताच आपल्या कोपऱ्याकडे वळते. निळ्या भुताचे लक्ष्य खेळाडू व तांबडे भूत या दोघांच्या स्थानांवरून ठरते. खेळणाऱ्यास ही चौकडी संगनमताने घेरीत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात प्रत्येक भूत एकच लहानसा नियम पाळीत असते. याच खेळात पातळीचा क्रमांक आठ बिटांत साठविला असल्याने २५६ व्या पातळीवर गणना उलटते व पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जातो. अंकीय साठ्याच्या मर्यादेचे हे उदाहरण विद्यार्थ्यांस आवर्जून दाखविण्याजोगे आहे.

कधीकधी यंत्राची उणीव हीच खेळाची शोभा ठरली. स्पेस इन्व्हेडर्समध्ये ५५ आकृती एकामागून एक पुढे सरकविण्यास प्रक्रियकाला वेळ लागे. खेळाडू जसजशा त्या नष्ट करी, तसतसे काम घटे व उरलेल्या आकृती अधिक वेगाने सरकू लागत. शेवटाकडे वाढत जाणारी ही चुरस निशिकादो यांनी बदलली नाही. खेळ उत्तरोत्तर कठीण होत जावा, हा पुढे सर्वमान्य झालेला संकेत त्यामुळे दृढ झाला.

आलेखी प्रक्रियक : जॉन कारमॅक व त्यांचे सहकारी यांच्या ‘डूम’ (१९९३) या खेळाने सामान्य संगणकावर त्रिमितीचा प्रभावी आभास निर्माण केला. कोणती भिंत दृष्टीसमोर आहे व कोणती आड आहे, हे झटपट ठरविण्यासाठी त्यात अवकाशाचे द्विभाजन करणाऱ्या वृक्षाकार मांडणीचा उपयोग केलेला होता. त्याचा पहिला भाग विनामूल्य वाटला गेला व मूळ आज्ञावली १९९७ साली खुली करण्यात आली.

त्रिमितीय चित्र असंख्य लहान त्रिकोणांचे बनलेले असते. प्रत्येक त्रिकोणाचे स्थान, रंग व छाया काढण्याचे गणित एकाच स्वरूपाचे असून ते एकमेकांवर फारसे अवलंबून नसते. साहजिकच, एक वेगवान प्रक्रियक वापरण्यापेक्षा अनेक साधे प्रक्रियक एकाच वेळी कामास लावणे अधिक किफायतशीर ठरते. या तत्त्वावर खेळांसाठी खास पत्रके निघाली. एन्‌व्हिडिया कंपनीने १९९९ साली आपल्या अशा पत्रकास ‘जीपीयू’, म्हणजे आलेखी प्रक्रियक, हे नाव देऊन ते रूढ केले. २००७ पासून या प्रक्रियकांवर सर्वसाधारण गणिते करण्याची सोय झाली. टोरंटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्‌स्केव्हर व जेफ्री हिंटन यांनी २०१२ साली चित्रे ओळखणारे कृत्रिम तंत्रिका जाल खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन पत्रकांवर प्रशिक्षित केले. त्याच्या यशानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाने याच प्रक्रियकांची कास धरली. खेळाडूंच्या मागणीने पोसलेले तंत्र अशा रीतीने विज्ञानाच्या कामी आले.

श्रेय व हक्क : चित्रपटाच्या आरंभी श्रेयनामावली असते, पुस्तकावर लेखकाचे नाव असते, प्रारंभीच्या खेळपेट्यांवर मात्र केवळ कंपनीचे नाव असे. अटारीमध्ये बहुधा एकच व्यक्ती संपूर्ण खेळ रचीत असूनही तिचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई होती. वॉरन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’ (१९८०) या खेळात एक गुप्त दालन ठेवले. पार्श्वभूमीत लपलेला एक सूक्ष्म ठिपका शोधून योग्य जागी नेल्यास ते उघडे व आत रॉबिनेट यांचे नाव झळके. वरिष्ठांना याचा पत्ता नव्हता. एका अल्पवयीन खेळाडूच्या पत्रामुळे ते उघडकीस आले, तोवर रॉबिनेट कंपनीतून बाहेर पडले होते. खेळात गुपित दडविण्याची प्रथा यानंतर रूढ झाली, पण तिचे मूळ गमतीत नसून नाव नाकारले जाण्यात आहे. त्याच कंपनीतील डेव्हिड क्रेन आदी चार आज्ञावलीकार १९७९ साली बाहेर पडले आणि जिम लेव्ही यांच्यासह त्यांनी ॲक्टिव्हिजन ही संस्था काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ रचणारी ती पहिली स्वतंत्र संस्था होय. तिने खेळाबरोबर रचनाकाराचे नावही छापले. अटारीने भरलेल्या दाव्यात १९८२ साली तडजोड झाली व स्वतंत्र निर्मात्यांचा मार्ग मोकळा झाला.

‘टेट्रिस’चा इतिहास निराळ्या व्यवस्थेतील, पण त्याच प्रश्नाचा आहे. मॉस्को येथे विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करणारे अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ च्या सुमारास तो रचला. प्रत्येकी चार चौकोनांच्या सात आकृती हेच त्याचे भांडवल. ज्या यंत्रावर तो प्रथम बसविला त्यावर चित्रे काढण्याची सोय नसल्याने चौकोन कंसांच्या चिन्हांनी दाखविले जात. त्याचे परदेशातील हक्क सोव्हिएट शासकीय संस्थेकडे होते. हातात धरावयाच्या ‘गेम बॉय’ संचाबरोबर १९८९ पासून तो कोट्यवधी घरांत पोहोचला, तरी पाजित्नोव्ह यांना स्वामित्वधन मिळू लागले ते १९९६ साली.

व्यवसाय : एका व्यक्तीने काही महिन्यांत खेळ पुरा करण्याचा काळ १९९० नंतर मागे पडला. मोठ्या खेळावर शेकडो लोक अनेक वर्षे काम करतात. त्यांत नियम व पातळ्या आखणारे रचनाकार, आज्ञावलीकार, चित्रकार, चलत्‌चित्रकार, संगीतकार, लेखक, चाचणी घेणारे व निर्मितीव्यवस्थापक यांचा समावेश होतो. आज्ञावलीकाराला सी++ यांसारखी भाषा, रेषीय बीजगणित, त्रिकोणमिती व यामिकी यांचे ज्ञान लागते. रेखाटन, टकरींचे गणित, ध्वनी इ. सामाईक कामे करणारे तयार संच, ज्यांना ‘एंजिन’ म्हणतात, उपलब्ध असल्याने नवशिक्याचे काम सुकर झाले आहे. त्यांपैकी अनरियल (१९९८) व युनिटी (२००५) हे प्रमुख असून गोडो हा संच २०१४ पासून मुक्त परवान्यावर मिळतो. अशा साधनांमुळे एकट्याने खेळ रचणेही पुन्हा शक्य झाले. एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) या शेतीविषयक खेळाची आज्ञावली, चित्रे, संगीत व लेखन ही सर्व कामे सुमारे चार वर्षांत एकट्याने केली.

आवडीचे काम या एका गोष्टीवर तरुण या क्षेत्राकडे ओढले जातात व नेमका तिचाच गैरफायदा घेतला जातो, अशी तक्रार वारंवार झाली आहे. प्रकाशनाची तारीख जवळ आली की आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस काम करून घेण्याची रीत पडली. २००४ साली अमेरिकेत एका कर्मचाऱ्याच्या भावी पत्नीने लिहिलेल्या अनावृत पत्राने या प्रश्नाला वाचा फुटली व त्यानंतर अतिरिक्त वेळेच्या वेतनासाठीचे दावे निकालात निघाले. २०२३ व २०२४ या वर्षांत अनेक कंपन्यांनी मोठी कर्मचारी कपात केली. आवाज व हालचाली पुरविणाऱ्या अमेरिकन नटांच्या संघटनेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर निर्बंध मागण्यासाठी २०२४ साली संप केला. तो पुढील वर्षी करार होऊन मिटला. या क्षेत्रात येणाऱ्याने केवळ एका साधनाचे तंत्र न शिकता गणित व आज्ञावलीरचना यांचा पाया पक्का करणे इष्ट असते, कारण साधने काही वर्षांत बदलतात. पाया इतर संगणकीय व्यवसायांतही उपयोगी पडतो.

भारत : भारतात या उद्योगाचा आरंभ परदेशी कंपन्यांसाठी चित्रे व प्रतिकृती बनविण्याच्या कामाने झाला. बंगळुरू येथील ध्रुव इंटरॲक्टिव्ह (स्थापना १९९७) ही त्यांतील अग्रेसर संस्था होती. नवी मुंबईतील गेमेशन टेक्नॉलॉजीज या संस्थेचा ‘लुडो किंग’ (२०१६) हा खेळ २०२० मधील टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. पचिशीपासून इंग्लंडात घडलेला लुडो अशा रीतीने संगणकीय रूपात भारतीयांच्या हाती आला. पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरील खेळ प्रसिद्ध केला. दुर्गेच्या कृपेने शस्त्र लाभलेली मुलगी आपल्या भावाचा शोध घेते, असे त्याचे कथानक आहे. दुसऱ्याच्या कल्पनेला रूप देण्याकडून स्वतःच्या कल्पनेकडे झालेल्या वाटचालीची ही कृती निदर्शक आहे. चलत्‌चित्रण व खेळ यांच्या शिक्षणासाठी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही राष्ट्रीय संस्था २०२५ साली सुरू झाली.

परिणाम व नियमन : खेळांतील हिंसेमुळे मुले हिंसक होतात का, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. वयोगटानुसार खेळांचे वर्गीकरण करण्याची पद्धत अमेरिकेत १९९४ पासून व युरोपात २००३ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकृत आसक्तीचा समावेश आहे. केवळ अधिक वेळ खेळणे म्हणजे ही विकृती नव्हे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा त्याला अग्रक्रम मिळणे व हानी दिसत असूनही तो चालू ठेवणे ही लक्षणे साधारणतः वर्षभर आढळल्यास तसे निदान केले जाते. भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या जालीय खेळांवर बंदी घातली. मात्र क्रीडास्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या खेळांना मान्यता दिली. शिक्षेची तरतूद असे खेळ चालविणाऱ्यांसाठी व त्यांची जाहिरात करणाऱ्यांसाठी आहे, खेळणाऱ्यांसाठी नाही. हांगजो येथील आशियाई क्रीडासामन्यांत (२०२३) अशा स्पर्धांसाठी प्रथमच अधिकृत पदके देण्यात आली.

जतन : पुस्तक शंभर वर्षांनी उघडले तरी वाचता येते. खेळ मात्र यंत्राशी बांधलेला असतो. यंत्र गेले की तो मुका होतो. अमेरिकेतील एका इतिहाससंस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीनुसार त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नव्हते. फ्लॅश या तंत्राचा आधार २०२० च्या अखेरीस काढून घेण्यात आल्याने हजारो लहान खेळ एकाच वेळी निकामी होण्याची वेळ आली. त्यांपैकी अनेक हौशी संग्राहकांनी वाचविले. जुन्या यंत्राची नक्कल नव्या यंत्रावर करणाऱ्या ‘मेम’ (१९९७) यासारख्या आज्ञावल्यांमुळे नाण्यावर चालणारे अनेक खेळ टिकून आहेत, परंतु प्रताधिकाराच्या कायद्यामुळे ग्रंथालयांना ते मोकळेपणाने खेळावयास देता येत नाहीत. कंपनीच्या दूरस्थ संगणकावर अवलंबून असणारे खेळ तर कंपनीने तो बंद करताच विकत घेणाऱ्यांच्याही हातून जातात. याविरुद्ध युरोपीय संघात सादर झालेल्या नागरिकांच्या मागणीपत्रावर २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली पॅक-मॅन व टेट्रिस यांच्यासह १४ खेळ आपल्या संग्रहात घेतले. कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात दुरुस्त करून चालू केलेल्या पीडीपी-१ वर स्पेसवॉर आजही खेळता येतो. तो मुक्तपणे वाटला गेला होता व त्याची मूळ आज्ञावली अनेकांकडे होती, हेच त्याच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण होय. अनेक व्यापारी खेळांच्या मूळ आज्ञावल्या खुद्द निर्मात्या कंपन्यांनीही सांभाळलेल्या नाहीत. खेळाबरोबरच त्याची आज्ञावली, रचनेची टिपणे व रचनाकारांची नावे जपून ठेवली, तरच ही विद्या पुढील पिढीस अभ्यासता येईल.